द्रवीभूत नैसर्गिक वायूचे तरंगते आयात केंद्र

परदेशातून जहाजाने आलेला द्रवीभूत नैसर्गिक वायू उतरवून घेणे, तो साठविणे, त्याचे पुन्हा वायूत रूपांतर करणे व तो नळाने किनाऱ्याकडे पाठविणे ही सर्व कामे जमिनीवरील कारखान्याऐवजी नांगरून ठेवलेल्या एका मोठ्या जहाजावर जेथे केली जातात, त्या व्यवस्थेस द्रवीभूत नैसर्गिक वायूचे तरंगते आयात केंद्र म्हणतात. यातील मुख्य घटक म्हणजे ‘तरंगते साठवण व पुनर्वायुकरण जहाज’ होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘एफएसआरयू’ या नावानेही ओळखले जाते. केंद्राला ग्राहक लागतो व तो बहुधा विद्युत् निर्मिती केंद्राच्या रूपाने मिळतो. त्यामुळे अशा केंद्राचा विचार वीजपुरवठ्याच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. महाराष्ट्रात हा विषय कोकण किनाऱ्यावरील दाभोळ व जयगड यांच्याशी निगडित आहे. दाभोळ येथील वीज सह्याद्री ओलांडून कोयना व कराड यांच्या पारेषण जाळ्यास मिळत असल्याने सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पाण्याच्या व विजेच्या हिशेबाशीही त्याचा संबंध पोहोचतो.

द्रवाचे गुणधर्म : नैसर्गिक वायूत मिथेनाचे प्रमाण सर्वांत जास्त असते. त्याखेरीज एथेन, प्रोपेन व नायट्रोजन हे अल्प प्रमाणात आढळतात. पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड व गंधकयुक्त द्रव्ये काढून टाकून हा वायू सु. −१६२° से. पर्यंत थंड केला म्हणजे साध्या वातावरणीय दाबाखालीच त्याचा द्रव होतो व त्याचे घनफळ मूळच्या सु. १/६०० इतके उरते. जहाजाने वाहतूक शक्य होण्याचे कारण हेच होय. हा द्रव रंगहीन व गंधहीन असून त्याची घनता पाण्याच्या निम्म्याहून थोडी कमी असते. तो दाबाने नव्हे, तर थंडीने द्रवरूप राहतो. स्वयंपाकासाठी टाक्यांतून मिळणारा वायू (प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण) दाबाने द्रवरूप ठेवलेला असतो, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक होय. द्रव स्वतः जळत नाही. त्याची वाफ हवेत सु. ५ ते १५ टक्के या प्रमाणात मिसळली असतानाच पेट घेते.

टाकीचे निरोधन कितीही चांगले असले, तरी बाहेरची थोडी उष्णता आत शिरतेच. त्यामुळे दररोज साठ्याच्या सु. ०.१ ते ०.१५ टक्के द्रवाची वाफ होते. ही वाफ जहाजाच्या एंजिनात जाळतात, पुन्हा द्रवात विरघळवितात किंवा किनाऱ्याकडे जाणाऱ्या वायूत मिसळतात. वायूला गिऱ्हाईक नसेल, तर साठा नुसता राखून ठेवणेही खर्चाचे ठरते. कोळशाचा ढीग किंवा धरणातील पाणी यांप्रमाणे हे इंधन महिनोन्‌महिने राखून ठेवता येत नाही.

इतिहास : मोठ्या प्रमाणावर वायूचे द्रवीकरण अमेरिकेत प्रथम झाले, परंतु १९४४ मध्ये क्लीव्हलँड येथील टाकी फुटून लागलेल्या आगीत शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडल्याने या उद्योगाची वाढ बरीच वर्षे खुंटली. १९५९ मध्ये ‘मीथेन पायोनिअर’ या जहाजाने लुइझियानातून इंग्लंडमधील कॅनव्ही बेटावर पहिला माल नेला व १९६४ पासून अल्जीरिया व इंग्लंड यांच्यात नियमित व्यापार सुरू झाला. पुढील चाळीस वर्षे वायू उतरविण्याची सर्व केंद्रे जमिनीवरच बांधली गेली. २००५ मध्ये मेक्सिकोच्या आखातात पुनर्वायुकरणाची यंत्रे बसविलेले पहिले जहाज कामास लागले आणि नव्या पद्धतीस प्रारंभ झाला. त्यानंतर वायुवाहू जुन्या जहाजांचे रूपांतर करूनही अशी जहाजे तयार करण्यात आली. ब्राझील (२००९), इंडोनेशिया (२०१२), लिथ्युएनिया (२०१४), पाकिस्तान (२०१५) व बांगला देश (२०१८) येथे अशी केंद्रे सुरू झाली. रशिया-युक्रेन युद्धामुळे नळांतून येणारा वायू आटल्यावर जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये व्हिल्हेल्म्सहाफेन येथे आपले पहिले तरंगते केंद्र अल्पावधीत उभे केले. भारतात जमिनीवरील पहिले आयात केंद्र दहेज (गुजरात) येथे २००४ मध्ये सुरू झाले. त्यामागून हजीरा, दाभोळ, कोची, एन्नोर, मुंद्रा व धामरा येथील केंद्रे झाली.

रचना व कार्य : केंद्राचे स्थूलमानाने चार भाग पडतात : (१) नांगरण्याची जागा किंवा धक्का, (२) साठवण व पुनर्वायुकरण जहाज, (३) वायू किनाऱ्यावर नेणारा उच्च दाबाचा नळ आणि (४) किनाऱ्यावरील मापन व दाबनियंत्रण केंद्र.

जहाज सु. ३०० मी. लांबीचे असून त्याच्या टाक्यांत साधारणपणे १,२५,००० ते १,७४,००० घ. मी. द्रव मावतो. सामान्य पोलाद अतिशीत तापमानास ठिसूळ बनत असल्याने टाकीचे आतील अस्तर अगंज पोलादाचे किंवा ३६ टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूचे पातळ पत्रे वापरून करतात. काही जहाजांत ॲल्युमिनियमाच्या गोलाकार टाक्या असतात. अस्तराबाहेर निरोधक द्रव्याचे थर व दुहेरी तळ असतो.

माल घेऊन येणारे जहाज या जहाजाच्या शेजारी किंवा धक्क्याच्या दुसऱ्या बाजूस बांधतात व लवचिक नळ्यांनी अथवा सांध्यांच्या लोखंडी बाहूंनी द्रव एका जहाजातून दुसऱ्यात घेतात. या कामास सु. एक दिवस लागतो. या काळात दोन्ही जहाजांची हालचाल मर्यादेत राहणे अत्यावश्यक असते. लाटा ठराविक उंचीपलीकडे गेल्यास नळ्या आपोआप सुटतील अशी योजना केलेली असते.

पुनर्वायुकरणात प्रथम पंपांनी द्रवाचाच दाब वाढवितात, कारण वायू दाबण्यापेक्षा द्रव दाबण्यास फार कमी ऊर्जा लागते. नंतर तो द्रव उष्णता विनिमयकांतून नेऊन त्याचा वायू करतात. विनिमयकास लागणारी उष्णता बहुधा समुद्राच्या पाण्यातून मिळते. एक टन द्रवाचा वायू करण्यास सु. २५ ते ३० टन समुद्रपाणी ७° से. ने थंड होऊ द्यावे लागते. थंड समुद्रांत हिवाळ्यात यासाठी वायूचाच काही भाग जाळावा लागतो. कोकणच्या समुद्राचे पाणी वर्षभर उबदार असल्याने येथे त्याची गरज पडत नाही.

तरंगत्या केंद्राचा प्रमुख गुण म्हणजे वेळेची बचत होय. जमिनीवरील केंद्रास चार-पाच वर्षे लागतात. तरंगते केंद्र धक्का व नळ तयार असल्यास एक ते तीन वर्षांत सुरू होऊ शकते. जहाज विकत न घेता भाड्याने घेता येते आणि गरज संपल्यावर परत पाठविता येते. परंतु याच गुणाला दुसरी बाजूही आहे. भाडे दिवसाला एक लाख डॉलरांच्या घरात किंवा त्याहून अधिक असते व ते वायू वापरला नाही, तरी द्यावे लागते. साठवण एका जहाजापुरतीच मर्यादित असल्याने पुढील जहाज आठवडाभर उशिरा आल्यास पुरवठा तुटू शकतो. शिवाय जे जहाज सहज येते, ते सहज निघूनही जाऊ शकते.

विद्युत् निर्मितीशी जोड : नैसर्गिक वायूपासून वीज करण्याची सर्वांत कार्यक्षम पद्धती संयुक्त चक्राची आहे. तीत वायू टरबाइनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर पाण्याची वाफ करतात व तिच्यावर दुसरे टरबाइन चालवितात. त्यामुळे इंधनातील उष्णतेपैकी ५० टक्के किंवा त्याहून अधिक भाग विजेत रूपांतरित होतो. कोळशावरील केंद्रांत हे प्रमाण साधारणतः ३५ ते ४० टक्के असते. स्थूल हिशेबाने एक घ. मी. वायूपासून सु. ५ किलोवॉट-तास वीज मिळते. १,००० मेगॅवॉट क्षमतेच्या केंद्रास पूर्ण भाराने दिवसभर चालण्यास सु. ४८ लाख घ. मी. वायू लागतो. १,७०,००० घ. मी. द्रवाच्या एका जहाजातून सु. १० कोटी घ. मी. वायू व त्यापासून सु. ५० कोटी किलोवॉट-तास वीज मिळेल. असे एक जहाज १,००० मेगॅवॉटच्या केंद्रास सु. तीन आठवडे पुरते.

अशा विजेची किंमत मुख्यतः इंधनाच्या भावावर ठरते. वायूचा भाव दर दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांस एका डॉलरने वाढला, तर विजेचा इंधनखर्च प्रत्येक किलोवॉट-तासामागे सु. ०.७ सेंटने वाढतो. हा भाव अतिशय चंचल आहे. आशियातील तत्काळ खरेदीचा भाव एप्रिल २०२० मध्ये २ डॉलरांच्या आसपास होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ५० डॉलरांच्याही वर गेला. पहिल्या भावाने वीज कोळशापेक्षा स्वस्त पडते, तर दुसऱ्या भावाने ती कोणत्याही वीज मंडळास परवडत नाही. भारतात वायूवर चालणारी मोठी क्षमता उभी असूनही तिचा मोठा भाग पडून राहतो, याचे हे एक कारण आहे. देशातील वायूचे उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी पडले, हे दुसरे.

दाभोळचा अनुभव : दाभोळ वीज प्रकल्प वासिष्ठी नदीच्या मुखाशी दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरात आहे. एन्रॉन या अमेरिकन कंपनीने १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी प्राथमिक बोलणी केली व डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. आयात केलेल्या द्रवीभूत वायूवरील वीज कोळशावरील विजेपेक्षा महाग पडेल, या कारणास्तव जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पास अर्थसाहाय्य देण्याचे नाकारले होते. १९९५ मध्ये राज्य शासनाने करार रद्द केला व १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर तो सुधारित स्वरूपात पुन्हा मान्य केला. सु. ७४० मेगॅवॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नॅप्था या इंधनावर सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यासाठी ओमान व अबू धाबी येथून द्रवीभूत वायू आणण्याचे ठरले होते व त्यासाठी आयात केंद्राचे बांधकामही चालू होते.

कराराप्रमाणे वीज घेतली वा न घेतली, तरी क्षमतेचे ठराविक शुल्क मंडळास द्यावे लागे आणि देणे डॉलरशी जोडलेले असल्याने रुपयाची घसरण मंडळावर पडे. विजेचा दर असह्य होऊन मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली व प्रकल्प बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनीचेच दिवाळे निघाले. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल या सार्वजनिक उपक्रमांनी व इतरांनी स्थापिलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीने प्रकल्प हाती घेतला व २००६ पासून वीज पुन्हा मिळू लागली. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवर तो काही वर्षे चालला. तो वायू आटल्यावर २०१३ च्या अखेरीस निर्मिती पुन्हा थांबली. नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेसाठी सु. ५०० मेगॅवॉट वीज देण्याच्या व्यवस्थेने तो अंशतः चालू झाला.

येथील आयात केंद्र जानेवारी २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. त्याची आखणी वर्षाला सु. ५० लाख टनांसाठी होती. परंतु लाटारोधक बांध अपुरा राहिल्याने पावसाळ्यातील चार महिने जहाजे लावता येत नसत व प्रत्यक्ष क्षमता बरीच कमी उरली. त्यामुळे लाटारोधकाचे काम पुढे हाती घ्यावे लागले. अरबी समुद्रावरील मोसमी वारे हा कोकणातील प्रत्येक केंद्राचा खरा परीक्षक होय. केंद्र तरंगते असले, तरी या अडचणीतून सुटका होत नाही. उलट दोन जहाजे शेजारी बांधावयाची असल्याने शांत पाण्याची गरज वाढते.

जयगडचा प्रयत्न : शास्त्री नदीच्या मुखाशी असलेल्या जयगड येथील खाजगी बारमाही बंदरात एच-एनर्जी या कंपनीने तरंगते केंद्र उभारण्याचे ठरविले. त्यासाठी नॉर्वेतील होएग कंपनीचे ‘होएग जायंट’ हे १,७०,००० घ. मी. क्षमतेचे जहाज दहा वर्षांच्या भाडेकराराने घेण्यात आले व ते एप्रिल २०२१ मध्ये जयगडला दाखल झाले. दिवसाला सु. २ कोटी १० लाख घ. मी. वायू देण्याची त्याची क्षमता होती. जयगडपासून दाभोळपर्यंत सु. ६० किमी. लांबीचा नळ टाकून हे केंद्र देशाच्या वायुवाहिनीस जोडण्याची योजना होती. कारण दाभोळ २००७ पासून पनवेलमार्गे गुजरातच्या व २०१३ पासून सह्याद्रीपलीकडे बंगळुरूच्या वाहिनीस जोडले गेले आहे. परंतु त्याच सुमारास जागतिक भाव भडकले, नियमित आयात सुरू होऊ शकली नाही व भाडेकरार संपुष्टात आला. पुढे हे जहाज ब्राझीलमधील सांतुस बंदरातील केंद्रासाठी गेले. दाभोळच्या बंद पडलेल्या यंत्रांचा बोजा देशातील बँका व सार्वजनिक उपक्रम यांना वर्षानुवर्षे वाहावा लागला. जयगडला मात्र जहाज निघून गेले व भांडवल अडकून पडण्याचा धोका तुलनेने मर्यादित राहिला. तरंगत्या पद्धतीचे गुणदोष या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतात.

कोयनेचे पाणी व आयात वायू : कोयना नदीचे पाणी धरणातून दोन दिशांनी जाते. पूर्वेकडे सोडलेले पाणी कराड येथे कृष्णेस मिळते व पुढे सातारा-सांगली जिल्ह्यांतील शेतीस व गावांस उपयोगी पडते. पश्चिमेकडे वळविलेले पाणी बोगद्यांतून सु. ४७५ ते ५०० मी. खाली उतरून पोफळी परिसरातील भूमिगत केंद्रांत व नंतर कोळकेवाडी येथे वीज निर्माण करते आणि वासिष्ठी नदीतून अखेर दाभोळच्या खाडीत जाते. वायूवरील वीज केंद्र नेमके याच खाडीच्या मुखाशी आहे. दाभोळहून ४०० किलोव्होल्टची वाहिनी कोयनेस व तेथून वीज कराडच्या उपकेंद्राकडे येते. [→ कोयना प्रकल्प].

कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगॅवॉट आहे. पहिल्या कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्याप्रमाणे पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, म्हणजे तेवढे टीएमसी पाणी वळविता येते. उंचीच्या हिशेबाने एक अब्ज घनफूट पाण्यापासून सु. ४ कोटी किलोवॉट-तास वीज मिळते. म्हणजे वर्षाची मर्यादा सु. २७० कोटी किलोवॉट-तासांची झाली. एवढीच वीज वायूपासून करावयाची, तर वर षाला पाच ते सहा जहाजे पुरतील. उलट, एक अब्ज घनफूट पाणी पश्चिमेस न वळविता पूर्वेस सोडावयाचे ठरल्यास विजेची तूट भरून काढण्यास सु. ८० लाख घ. मी. वायू लागेल. दहा लाख औष्णिक एककांस १० डॉलर हा भाव धरल्यास त्याची किंमत सु. ३० लाख डॉलर होते. पूर्वेस सोडलेल्या पाण्यावरही धरणाच्या पायथ्याशी ४० मेगॅवॉटचे केंद्र चालते. परंतु तेथील उंची थोडी असल्याने त्याचे उत्पादन बरेच कमी असते.

अवर्षणाच्या वर्षी हा हिशेब केवळ कागदावरचा राहत नाही. कराड तालुक्यातील टेंभू, तसेच ताकारी व म्हैसाळ येथील उपसा योजना कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांना देतात. पाणी उचलण्यासाठी त्यांना वीज लागते व ज्या वेळी पाण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी कोयनेची वीज आटलेली असते. अशा वर्षापुरता उपलब्ध होणारा वायू धरणातील पाण्यास पर्याय म्हणून उपयोगी पडू शकतो. ब्राझीलने आपली तरंगती केंद्रे याच हेतूने उभारली. तेथील वीज प्रामुख्याने जलशक्तीची असून २००१ च्या अवर्षणात विजेचे कडक नियंत्रण करावे लागले होते. त्यानंतर आलेल्या केंद्रांतून पाऊसमान चांगले असेल त्या वर्षी थोडा व कोरड्या वर्षी पुष्कळ वायू आणला जातो. मात्र चांगल्या वर्षीही जहाजाचे भाडे चुकत नाही. हा खर्च विम्याच्या हप्त्यासारखा समजून तो वीजग्राहकाने द्यावयाचा, पाणी वापरणाऱ्याने द्यावयाचा की शासनाने, हे आधी ठरविल्याखेरीज अशी योजना टिकत नाही. दाभोळच्या करारात हा प्रश्न सुटला नव्हता; सर्व जोखीम खरेदीदारावर टाकली गेली होती.

सुरक्षितता व पर्यावरण : सांडलेल्या द्रवाची थंड वाफ प्रारंभी हवेपेक्षा जड असल्याने पाण्यालगत पसरते व तापल्यावर वर जाते. ठिणगीचा संपर्क टाळण्यासाठी जहाजाभोवती मज्जाव क्षेत्र ठेवतात. खाडीच्या मुखाशी असे क्षेत्र आखल्यास मासेमारीच्या नौकांचे नेहमीचे मार्ग बदलतात. म्हणून जागा ठरविताना मच्छीमारांच्या वापरातील पाण्याची नोंद आधी होणे आवश्यक असते. विनिमयकांतून परत सोडलेले थंड पाणी व नळांत शेवाळ साचू नये म्हणून त्यात मिसळलेले क्लोरीन यांचा माशांच्या अंड्यांवर व पिलांवर परिणाम होतो. भरती-ओहोटीने पाणी खेळते असलेल्या जागी तो कमी जाणवतो, तर बंदिस्त खाडीत अधिक.

वायूच्या ज्वलनात राख व गंधकाचे ऑक्साइड जवळजवळ निर्माण होत नाहीत व तेवढ्याच विजेसाठी कोळशाच्या सु. निम्माच कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. तथापि न जळता निसटलेले मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २८ ते ३० पट तापमानवाढ घडविते. विहिरीपासून टरबाइनापर्यंतच्या मार्गात गळती जितकी अधिक, तितका हा लाभ कमी होतो.

मूल्यमापन : सौरशक्तीचा वापर वाढल्यापासून दुपारी वीज मुबलक व सूर्यास्तानंतर अपुरी अशी स्थिती निर्माण झाली आहे. ही तूट काही मिनिटांत भरून काढण्याची कोयनेसारख्या जलविद्युत् केंद्रांची क्षमता वायूवरील केंद्रांपेक्षा श्रेष्ठ आहे. वायूची केंद्रे मात्र पावसावर अवलंबून नसतात. म्हणून सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंस वायू हा नित्याचा आधार न मानता कोरड्या वर्षांचा व सायंकाळच्या भाराचा राखीव साठा मानणे अधिक युक्त ठरते. त्यासाठी बारमाही शांत पाणी, वायुवाहिनीशी जोड, डॉलरच्या व इंधनाच्या भावांतील चढउतारांची न्याय्य वाटणी आणि जहाज न लागल्यास करार संपविण्याची ठरलेली रीत या चार गोष्टी आवश्यक आहेत. पैकी पहिल्या दोन अभियांत्रिकीने साध्य होतात. दाभोळ व जयगड येथील प्रकल्प मुख्यतः उरलेल्या दोन गोष्टींपाशी अडले.